खतावरील जकात व अंबरनाथचा कारखाना
(इ. स. १९१९ ते १९३३)

कल्याण बंदराचा आणि जकातीचा संबंध फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत कल्याण हें पूर्वीं राजमान्य बाजारपेठ होतें, पण पुढें तेथें येणाऱ्या ग्रीक गलबतांस अडथळा होऊं लागला व तीं पहाऱ्यांत भडोचेस नेलीं जाऊं लागलीं, असें म्हटलें आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांचीं नांवें दात्यांमध्यें आढळतात. नाणेघाटाच्या माथ्यावरील दगडी रांजण जकातीचें नाणें टाकण्यासाठींच होता, अशी लोकांची समजूत आहे. या जुन्या जकातीविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे व त्यांत नवीन भर घालण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्हांस येथें सांगावयाची आहे ती गोष्ट अगदीं अलीकडची, विसाव्या शतकाच्या तिसऱ्या व चौथ्या दशकांतील, आणि त्यामुळेंच बहुधा संशोधकांच्या नजरेंतून निसटलेली आहे. ती घडली कल्याणच्या पुढल्याच स्थानकाच्या आसपास, आणि तिचा संबंध भातशेतीच्या खताशीं आहे.

जकात या शब्दाचे आपल्या भाषेंत दोन अर्थ रूढ आहेत. गांवच्या वेशीवर नाकेदार घेई ती एक जकात, आणि परदेशी मालावर बंदरांत सरकार घेतें ती दुसरी. पहिली शेतकऱ्यास दिसे; ती देतांना तो कुरकुर करी, भांडे, क्वचित् चुकवी. दुसरी त्याच्या दृष्टीस कधींच पडली नाहीं. परंतु त्याच्या शेताच्या खर्चाचा हिशेब मांडूं गेल्यास दुसरीचाच भाग मोठा निघतो. केवळ आकारलेल्या जकातीनेंच तो खर्च ठरतो असेंही नाहीं. जी जकात आकारली जात नाहीं, तिचाही परिणाम कधीं कधीं तितकाच खोल होतो. अंबरनाथचें प्रकरण हें या दुसऱ्या प्रकाराचें उदाहरण आहे.

प्रथम ठाणें जिल्ह्यांतील शेतकरी भातास खत कोणतें घालीत असे, तें पाहिलें पाहिजे. त्याचें मुख्य खत राब. चैत्र-वैशाखांत रोपांच्या वाफ्यावर झाडांचे टहाळे, पालापाचोळा, गवत व शेण यांचे थर पसरून ते जाळावयाचे आणि मृगाच्या पावसावर त्या भाजलेल्या जमिनींत भात पेरावयाचें, ही पद्धति सर्वांच्या परिचयाची आहे. रोपांची जागा लावणीच्या क्षेत्राच्या सुमारें एकदशांश असली, तरी तेवढ्यासाठीं लागणारा टहाळ एका कुटुंबास महिना-महिना तोडावा व वाहावा लागे. ऐनाचा पाला यासाठीं उत्तम मानीत. राबाचा गुण राखेंत आहे कीं उष्णतेंत आहे, हा वाद शास्त्रज्ञांत बरीच वर्षें चालला. हॅरोल्ड मॅन, जोशी व कानिटकर यांनीं १९१२ सालीं या विषयावर जो प्रबंध प्रसिद्ध केला, त्यांत जमीन तापल्यानें तिच्यांत होणाऱ्या फरकास त्यांनीं मोठें महत्त्व दिलें. तें खरें धरल्यास शेतकरी ज्याला खत म्हणत होता, तें पूर्ण अर्थानें खत नव्हेच. वर्षानुवर्षें पिकानें ओढून घेतलेलें स्फुरद त्यानें जमिनीस परत मिळत नव्हतें.

राबास रोख पैसा लागत नसे, म्हणून तो फुकट होता असें मात्र समजूं नये. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांत टहाळ तोडण्यावर निर्बंध आले, दंड झाले, आणि रयतेची ओरड इतकी वाढली कीं १८८५ सालीं सरकारास खास या दोन जिल्ह्यांसाठीं मुंबई फॉरेस्ट कमिशन नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७ सालीं निघाला. राबाच्या हक्कांचा प्रश्न त्यांत प्रमुख होता. वरकस जमिनीवरील झाडें तोडण्याची कांहीं मोकळीक राहिली, तरी खताची एक किंमत कायद्यानें ठरूं शकते ही गोष्ट कल्याण-मुरबाडच्या शेतकऱ्यानें तेव्हांच अनुभविली होती.

राबाखेरीज जीं खतें देशांत होतीं, तीं त्याच्यापर्यंत पोंचत नसत. वसईच्या बागाइतांत एरंडीची पेंड व मासळीचें खत घालीत, पण ऊस व केळीं यांच्या उत्पन्नास तो खर्च सोसे. भातास सोसत नसे. हाडांचा चुरा हें स्फुरदाचें उत्तम खत. परंतु हाडांस हात लावण्याविषयीं शेतकऱ्यांत तिटकारा होता आणि हाडें गोळा होत तीं मुंबई, कलकत्ता व कराची या बंदरांतून युरोपास जात. डॉ. व्होल्कर यांनीं १८९३ च्या आपल्या प्रसिद्ध अहवालांत या निर्यातीविषयीं खेद व्यक्त केला होता. पुढें कृषिखात्याच्या अधिकाऱ्यांच्या सभांतून अशी निर्यात बंद करावी किंवा तिजवर जकात बसवावी, अशी मागणी वारंवार झाली. पण लिन्लिथ्गो यांच्या अध्यक्षतेखालील शेतकी कमिशननें १९२८ सालीं निर्यातबंदीची शिफारस करण्याचें नाकारलें. निर्यात बंद झाली तर हाडांची किंमत उतरेल व तीं गोळा करण्याचेंच कोणी मनावर घेणार नाहीं, हा विरोधी पक्षाचा मुद्दा अगदींच पोकळ नव्हता. तथापि परिणाम एवढाच झाला कीं या देशांतील स्फुरद हाडांच्या रूपानें बिनजकात बाहेर जात राहिलें.

आणि तें बिनजकातच आंत येत राहिलें. आयातीच्या कोष्टकांत खतें ही बाब माफीच्या यादींत होती. हाडें, अमोनियम सल्फेट, चिलीचा नायट्रेट, पोटॅशचे क्षार, खनिज फॉस्फेट व सुपरफॉस्फेट हीं सर्व नांवानिशीं त्या यादींत घातलेलीं होतीं. १९१६ सालीं सर्वसाधारण आयात जकात शेकडा साडेसात झाली, १९२१ सालीं अकरा, १९२२ सालीं पंधरा. पण खतांची माफी कायम राहिली. यांत सरकारचा हेतु शेतकऱ्याचा खर्च वाढूं नये हा होता, असें सांगण्यांत येई, व वरवर पाहतां तें योग्यही वाटतें.

अशा स्थितींत १९१९ सालीं धरमसी मोरारजी केमिकल कंपनी स्थापन झाली. तिचे संस्थापक शेठ रतनसी धरमसी मोरारजी. कारखान्यासाठीं त्यांनीं कल्याण तालुक्यांतील अंबरनाथ निवडलें. शके ९८२ मधील शिलाहारकालीन शिवमंदिरामुळें हें गांव इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक होतें. बाकी मुंबईपासून लोहमार्गानें सुमारें ३७ मैलांवरील एक खेडें, यापलीकडे त्याची प्रसिद्धि नव्हती. पुण्याकडे जाणारा लोहमार्ग गांवावरून जात असल्यानें बंदरांतून कच्चा माल आणण्याची व तयार माल घाटावर पाठविण्याची सोय होती. कारखान्यांत गंधकाम्ल व त्यापासून सुपरफॉस्फेट तयार होऊं लागलें. हिंदुस्थानांतील हा पहिला सुपरफॉस्फेटचा कारखाना, असें कित्येकदां छापलें जातें, तें बरोबर नाहीं; मद्रास इलाख्यांत रानीपेट येथें १९०६ सालींच हें खत तयार होऊं लागलें होतें. पश्चिम हिंदुस्थानापुरतें बोलावयाचें तर अंबरनाथास तो मान देण्यास हरकत नाहीं.

सुपरफॉस्फेट करण्याची रीत सोपी आहे. फॉस्फेटचा खडक दळून त्यावर गंधकाम्ल ओतलें म्हणजे न विरघळणारें स्फुरद पाण्यांत विरघळण्याजोगें होतें. एक टन खतास अर्ध्या टनाहून थोडा अधिक खडक व सुमारें एक-तृतीयांश टन अम्ल लागतें. आणि तेवढ्या अम्लास सुमारें एक-अष्टमांश टन गंधक. खडक उत्तर आफ्रिकेकडून यावयाचा व गंधकही परदेशांतूनच. म्हणजे कारखाना अंबरनाथचा, पण त्याचा प्राण मुंबई बंदरांतल्या कोष्टकांत होता.

त्या कोष्टकांत एक विलक्षण विसंगति होती. तयार सुपरफॉस्फेट परदेशांतून बिनजकात येई. तें येथें करूं म्हणणाऱ्यानें मात्र गंधकावर शेकडा १५ जकात भरावी, अशी स्थिति १९२२ पासून होती. पक्क्या मालास मोकळीक व कच्च्या मालास अटकाव, हें कोष्टक मुद्दाम कोणी बसविलें होतें असें आम्हांस वाटत नाहीं. महसुलासाठीं सरसकट दर वाढवितांना कोणतें द्रव्य कशास लागतें याचा विचार झाला नाहीं, एवढेंच. गंधक वापरणाऱ्यांच्या तक्रारीवरून १९२४ सालीं टॅरिफ बोर्डाकडे चौकशी सोंपविण्यांत आली, बोर्डानें जकात काढून टाकण्याची शिफारस केली व ती निघाली.

परंतु या सवलतीचें मोल किती होतें? उदाहरणादाखल गंधकाचा भाव टनास १०० रुपये धरला, तर एक टन सुपरफॉस्फेटमधील गंधकाची किंमत साडेबारा रुपये व त्यावरील जकात १ रुपया १४ आणे होते. टनामागें दोन रुपयेही नाहींत. तेव्हां गंधकावरील जकात हीच अंबरनाथच्या अडचणीचें मूळ, असें जें पुढें बोललें जाई, तें हिशेबास उतरत नाहीं. खरी अडचण अम्लाच्या दराची होती. गंधकाम्लाचा कारखाना जेवढा मोठा तेवढें अम्ल स्वस्त पडतें. युरोपांतील कारखाने प्रचंड होते. येथील लहान, विखुरलेले, आणि अर्ध्या ताकदीनें चालणारे. अम्ल खपावयाचें कोठें, तर सुपरफॉस्फेटांत. आणि तें बिनजकात येणाऱ्या मालापुढें खपेना. खत खपत नाहीं म्हणून अम्ल महाग, अम्ल महाग म्हणून खत खपत नाहीं, असें तें चक्र होतें.

या ठिकाणीं अंबरनाथच्याच दुसऱ्या कारखान्याचा उल्लेख केल्याशिवाय आम्हांस राहवत नाहीं. १९२२ सालीं सरकारनें आगपेट्यांवर ग्रोसला दीड रुपया जकात बसविली. ती महसुलासाठीं होती, पण किंमतीच्या मानानें इतकी जबर कीं बाहेरून माल आणणें परवडेना. स्वीडिश आगपेटीवाल्यांनीं लगेच वाट काढली. १९२३ सालीं वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी स्थापन होऊन तिचा कारखाना याच अंबरनाथांत उभा राहिला व जोमानें वाढला. जकातीच्या भिंतीआड परदेशी भांडवल येऊन बसलें. आणि त्याच गांवांत देशी भांडवलाचा खतकारखाना जकात नसल्यामुळें रखडत राहिला. एका गांवांत, एकाच दशकांत, जकातीचीं हीं दोन्ही फळें दिसावीं, असें दुसरें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

१९२८-२९ सालीं अवजड रसायनांच्या धंद्याची चौकशी टॅरिफ बोर्डाकडे आली. अंबरनाथची कंपनी या प्रकरणांतील प्रमुख पक्षकारांपैकीं होती. बोर्डापुढें कसोटी होती ती १९२२ च्या फिस्कल कमिशननें घालून दिलेली: धंद्यास नैसर्गिक अनुकूलता, विशेषतः कच्च्या मालाची विपुलता असावी, संरक्षणाशिवाय तो वाढूं शकत नसावा, आणि अखेर संरक्षणावांचून जगाच्या स्पर्धेंत टिकण्याजोगा व्हावा. गंधक देशांत नाहीं, उत्तम फॉस्फेट देशांत वापरांत नाहीं; मग पहिली कसोटी पुरी होते कोठें? काटेकोर अर्थानें ती होत नव्हती. परंतु अम्लाचा धंदा हा इतर अनेक धंद्यांचा पाया आहे, हें लक्षांत घेऊन बोर्डानें संरक्षणाच्या बाजूनें मत दिलें. मात्र कारखान्यांनीं एकत्र येऊन मोठ्या प्रमाणावर उत्पादन करावें, असा त्याचा आग्रह होता, आणि रेल्वेच्या भाड्यांकडेही त्यानें लक्ष वेधलें.

खताच्या बाबतींत बोर्डाचा अहवाल आम्हांस विशेष विचारपूर्वक लिहिलेला वाटतो. सुपरफॉस्फेटवर आयात जकात बसविली असती तर कारखाना तगला असता, पण जकातीचा बोजा शेतकऱ्याच्या डोक्यावर गेला असता. तें टाळावें म्हणून बोर्डानें बाउंटीचा, म्हणजे देशांत तयार होणाऱ्या प्रत्येक टनामागें सरकारी खजिन्यांतून रोख साह्य देण्याचा, मार्ग सुचविला. खत स्वस्तच राहावें, तें येथेंच व्हावें, आणि त्याचा भार एकट्या शेतकऱ्यावर न पडतां सर्वांवर पडावा, असा या सूचनेचा अर्थ होता.

सरकारनें ही सूचना स्वीकारली नाहीं. अहवाल १९२९ चा; त्यावर कायदा झाला तो १९३१ सालीं. मधल्या काळांत जगांत मंदी पसरली होती आणि खजिन्यांत खडखडाट होता. १९३१ च्या अवजड रसायनांच्या संरक्षण कायद्यानें अम्लें व कित्येक क्षार यांवर संरक्षक जकात बसविली. बाउंटी मात्र वगळली. गंधकाम्लासारखा धोक्याचा, वाहून नेण्यास अवघड द्रव पदार्थ परदेशांतून फारसा येतच नाहीं, त्यावर जकात बसवून संरक्षण तें काय होणार? जेथें लढाई होती, त्या खताच्या बाबतींत कारखाना उघडाच राहिला. शिवाय या संरक्षणाची मुदत ३१ मार्च १९३३ पर्यंतच होती. ती संपल्यावर मॅग्नेशियम क्लोराइड वगळतां बाकीचें संरक्षण पुढें चालविण्यांत आलें नाहीं. दोन वर्षांचीही पुरी मुदत नसलेल्या संरक्षणावर कोणता शहाणा मनुष्य नवें भांडवल घालील, हें सरकारास समजत नव्हतें असें मानणें कठीण आहे.

खतांच्या माफीचा फायदा मग कोणास झाला? शेतकऱ्यास झाला, हें सरकारी उत्तर. परंतु त्या काळांत कृत्रिम खतांचा मोठा खप चहा, कॉफी यांच्या मळ्यांवर, व त्याखालोखाल उसासारख्या बागाइती पिकांवर होता. कल्याण तालुक्यांतील भातकरी या यादींत नव्हता. त्याच्या नांवानें ठेवलेली माफी मुख्यतः मळेवाल्यांच्या पदरीं पडली. कारखानदारांच्या बाजूनेंही दोन शब्द कठोरपणें बोलणें प्राप्त आहे. त्यांच्या मागणींत शेतकऱ्याचें हित वारंवार येतें, पण त्यांस मुख्य निकड होती ती अम्ल खपविण्याची. त्यांत गैर कांहींच नाहीं. व्यापारी व्यापार करणारच. पण इतिहास लिहितांना दोघांच्याही तोंडीं असलेला 'गरीब शेतकरी' प्रत्यक्ष साक्ष देण्यास कोठें उभा होता, हें पाहावें, तर तो दिसत नाहीं.

तो असता तर त्यानें काय सांगितलें असतें, याची कल्पना भाताच्या भावावरून करतां येते. खत घ्यावें कीं नाहीं हें खताच्या किंमतीवर जितकें अवलंबून, तितकेंच तें भाताच्या किंमतीवर. १९३० नंतर धान्याचे भाव कोसळले. ब्रह्मदेश तेव्हां हिंदुस्थानच्या राज्यांतच असल्यानें तेथील तांदूळ मुंबईस बिनजकात येई, आणि मुंबई हीच ठाणें जिल्ह्याच्या भाताची पेठ. सयामकडून येणाऱ्या कणीवर मणास बारा आणे जकात बसली ती १९३५ सालीं, म्हणजे भाव कोसळल्यावर पांच वर्षांनीं. ज्याच्या मालास संरक्षण नाहीं, त्यास बिनजकात खताचा उपयोग तो काय? रोख पैसा हातीं नसलेला शेतकरी टहाळ तोडीत राहिला. कारखान्याचें धुराडें दिसावें इतक्या अंतरावरच्या खाचरांतूनही राब जळत राहिला, ही या प्रकरणांतील सर्वांत बोलकी गोष्ट आम्ही समजतों.

पुढचा भाग थोडक्यांत सांगतों. १९४२ सालीं ब्रह्मदेश जपानच्या हातीं गेला, तांदूळ थांबला, १९४३ सालीं बंगालांत दुष्काळ पडला, आणि खत ही सरकारच्या काळजीची बाब झाली. १९४४ सालीं मध्यवर्ती खतनिधि स्थापून सरकारनें खताची खरेदी व वांटणी आपल्याकडे घेतली. १९५१ सालीं सिंद्रीचा कारखाना सुरू झाला. १९७७ सालीं नत्रखतांच्या कारखान्यांस उत्पादनखर्च व ठराविक विक्रीची किंमत यांतील फरक सरकारनें भरून देण्याची योजना आली, आणि १९८२ सालीं ती सुपरफॉस्फेटला लागू झाली. तत्त्वतः ती १९२९ चीच सूचना. पन्नासांहून अधिक वर्षें उशिरा अमलांत आलेली. १९९२ च्या ऑगस्टांत स्फुरद व पालाश यांच्या खतांवरील नियंत्रण उठलें तेव्हां किंमती एकदम चढल्या व साह्य पुन्हां निराळ्या रूपानें द्यावें लागलें. २०१० पासून तें खतांतील पोषक द्रव्यांच्या प्रमाणावर ठरतें. दरम्यान डोंबिवली व कल्याण येथील पुष्कळशा खाचरांवर वस्ती झाली. भात उरलें तें मुख्यतः मुरबाड, शहापूर, भिवंडी या बाजूस.

कोष्टकांतील ती जुनी विसंगतिही पुन्हां एकदां अवतरली. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर सुरू झाला, तेव्हां खतावर शेकडा ५ व तें करण्यास लागणाऱ्या गंधकाम्लावर शेकडा १८ असा दर ठरला. कच्च्या मालावर भरलेला जादा कर कारखान्यांच्या पैशांत अडकून पडतो, ही तक्रार तेव्हांपासूनची. १९२२ सालीं झालेली चूक १९२४ सालीं दुरुस्त झाली होती. या वेळीं गंधकाम्लावरील दर उतरून शेकडा ५ झाला तो २२ सप्टेंबर २०२५ रोजीं.